गिटारच्या जाड तारेवर 'स्क्वील' निघत का नाही? समजून घ्या यामागचं साधं गणित

मेटल किंवा हार्ड रॉक ऐकणाऱ्यांना हा आवाज सांगावा लागत नाही. रिफ खालच्या सुरात घरघरत चाललेली असते आणि मधेच गिटार अशी काही किंचाळते की अंगावर काटा येतो. ओझी ऑस्बर्नबरोबर वाजवलेल्या झॅक वाइल्डची तर ही सहीच मानली जाते. झेडझेड टॉपच्या बिली गिबन्सने १९७३ च्या 'ला ग्रान्ज' या गाण्यातल्या सोलोमध्ये हाच आवाज वापरलाय. गिटारवाले याला 'स्क्वील' म्हणतात. याचं तांत्रिक नाव 'पिंच हार्मोनिक', म्हणजे 'आर्टिफिशियल' किंवा कृत्रिम हार्मोनिकचा एक प्रकार.

इलेक्ट्रिक गिटार शिकणाऱ्या बहुतेकांचा अनुभव सारखाच असतो. तिसऱ्या किंवा दुसऱ्या तारेवर थोड्या सरावाने स्क्वील निघायला लागतो. मग मोठ्या उत्साहाने सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेवर तोच प्रयोग केला जातो आणि तिथे नुसतं 'थप्प' ऐकू येतं. फार तर मूळ सुरावर एक पुसटशी शिट्टी.

मग सल्ले सुरू होतात. 'गेन वाढव', 'जोरात मार', 'पिकअप बदल', 'नवीन पेडल घे'. पैसे खर्च होतात, मनगट दुखायला लागतं आणि शेवटी 'आपल्या हातातच ते नाही' असं म्हणून विषय सोडून दिला जातो. खरं तर यात हाताच्या ताकदीचा संबंध फार थोडा आहे. जाड तार वेगळी का वागते हे एकदा कळलं, की कुठे काय चुकतंय ते घरबसल्या शोधता येतं. तेच आज समजून घेऊया.

आधी हार्मोनिक म्हणजे काय?

तार छेडली की आपल्याला एक सूर ऐकू येतो, पण ती एकाच पद्धतीने हलत नसते. पूर्ण तार एका कमानीसारखी हलते, तो मूळ सूर. त्याच वेळी ती दोन भागांत, तीन भागांत, चार भागांत अशीही हलत असते. दोन भागांतल्या कंपनाचा सूर मुळाच्या दुप्पट कंपनसंख्येचा, तीन भागांतला तिप्पट, आणि पुढे तसंच. या सगळ्या सुरांना हार्मोनिक म्हणतात. ते मूळ सुरात मिसळलेले असतात, म्हणून वेगळे जाणवत नाहीत.

मराठी घरांत तंबोरा ऐकलेल्यांना हे नवीन नाही. खर्जाची तार छेडली की काही क्षणांनी तिच्यातून गंधार ऐकू येतो. तंबोऱ्यावर गंधाराची तार लावलेलीच नसते, तरी तो येतो. गायक त्याला 'स्वयंभू गंधार' म्हणतात. हा गंधार म्हणजे खर्जाच्या तारेचा पाचवा हार्मोनिक. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतात ती बऱ्याच अंशी हे लपलेले सूर मोकळे व्हावेत म्हणूनच. जाड तारेतून वरचा सूर बाहेर काढणं ही आपल्याकडेही कौशल्याचीच गोष्ट मानली गेली आहे.

आता महत्त्वाचा मुद्दा. तार पाच भागांत हलते तेव्हा त्या भागांच्या सांध्यावर काही बिंदू अजिबात हलत नाहीत. इंग्रजीत त्यांना 'नोड' म्हणतात, आपण स्थिर बिंदू म्हणू. अशा बिंदूवर हलकेच बोट टेकवलं, तर पाचव्या हार्मोनिकला काहीच फरक पडत नाही, कारण तिथे तो हलतच नव्हता. त्याचा दहावा, पंधरावा असे पटीतले सूरही टिकतात. मूळ सूर आणि बाकीचे हार्मोनिक मात्र त्या बोटामुळे दबतात. गर्दीतले बाकीचे गप्प बसले की एकाचाच आवाज ऐकू येतो, तसंच हे.

पिंच करताना नेमकं काय होतं?

मोकळ्या तारेवर बाराव्या, सातव्या किंवा पाचव्या फ्रेटच्या वर बोट टेकवून जो घंटेसारखा सूर निघतो, तो नैसर्गिक हार्मोनिक. त्याच्या जागा ठरलेल्या असतात. पॅन्टेराच्या डाइमबॅग डॅरेलने १९९० च्या 'सिमेटरी गेट्स'च्या शेवटी काढलेल्या किंकाळ्या याच जातीच्या आहेत. त्यात नैसर्गिक हार्मोनिक काढून तो व्हॅमी बारने वर चढवलाय. त्या ऐकून जाड तारेवर पिंचचा सराव करत बसलात, तर तुमचा रस्ताच वेगळा आहे.

पिंच हार्मोनिकमध्ये डाव्या हाताने फ्रेट दाबलेला असतो. उजव्या हातात पिक इतकं आत धरलेलं असतं की टोक जेमतेम बाहेर राहतं. पिक तारेवरून सुटतं आणि त्याच झटक्यात अंगठ्याची कड तारेला चाटून जाते. ही कड स्थिर बिंदूवर पडली, तर स्क्वील. दोन बिंदूंच्या मधे पडली, तर थप्प.

यात एक गंमतशीर अडचण आहे. ज्या हार्मोनिकचा स्थिर बिंदू आहे, तार बरोबर तिथेच छेडली तर तो हार्मोनिक निर्माणच होत नाही. हा थॉमस यंग या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा नियम आहे. (आपल्या सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली दाखवून दिलं, की तंबोरा आणि वीणा मात्र त्यांच्या घोडीच्या खास रचनेमुळे हा नियम पाळत नाहीत.) गिटार हा नियम पाळते. पिंच करताना पिकचं टोक आणि अंगठ्याची कड यांत काही मिलिमीटरचं अंतर असतं, म्हणूनच हवा तो हार्मोनिक थोडासा तरी जन्माला येतो. म्हणजे स्क्वील मुळातच अशक्त असतो. अँपने त्याला उचलून धरावं लागतं.

जागा तीच, अंगठा तोच, मग जाड तार वेगळी का?

हा प्रश्न नीट विचारायला हवा. तिसऱ्या तारेवर तिसरा फ्रेट दाबा किंवा सहाव्या तारेवर, मोकळ्या राहिलेल्या तारेची लांबी जवळपास सारखीच असते. म्हणजे स्थिर बिंदूही जवळपास त्याच जागी असतात. मग एका तारेवर जमतं आणि दुसरीवर नाही, असं का? याची चार कारणं आहेत.

पहिलं कारण: सूर निघतो, पण तो किंकाळी वाटत नाही

काही आकडे पाहू. तिसऱ्या तारेच्या सातव्या फ्रेटवर सुमारे २९४ हर्ट्झचा सूर आहे. त्याचा पाचवा हार्मोनिक जवळपास १४७० हर्ट्झचा. हा सूर धारदार आहे, कानात घुसतो.

आता सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट घ्या. तिथला सूर ९८ हर्ट्झचा. त्याचा पाचवा हार्मोनिक ४९० हर्ट्झ. पहिल्या तारेच्या सातव्या फ्रेटवर जो साधा सूर वाजतो, जवळपास तेवढाच! तो कुणालाही किंकाळी वाटणार नाही. तुम्ही तंत्र अगदी बरोबर वापरलंत तरी निघालेला सूर ड्रम आणि बेसच्या आवाजात हरवून जातो. 'निघालाच नाही' असं वाटतं ते यामुळे.

जाड तारेवर तेवढीच उंच किंकाळी हवी असेल, तर पंधराव्या हार्मोनिकपर्यंत चढावं लागतं. आणि वरचे हार्मोनिक दाटीवाटीने राहतात. ब्रिजकडून मोजलं, तर या सुराच्या चौथ्या आणि पाचव्या हार्मोनिकच्या जागांत २७ मिलिमीटरचं अंतर आहे. सातव्या आणि आठव्यात ते १० मिलिमीटरवर येतं. चौदाव्या आणि पंधराव्यात तीन मिलिमीटरही उरत नाही. तुमच्या अंगठ्याची कडच त्याहून रुंद असते.

दुसरं कारण: अंगठ्याला वेळ पुरत नाही

पहिली मोकळी तार सेकंदाला सुमारे ३३० वेळा हलते, सहावी ८२ वेळा. म्हणजे पहिल्या तारेचं एक आंदोलन ३ मिलिसेकंदांत संपतं, सहाव्या तारेला १२ मिलिसेकंद लागतात. अंगठ्याचा स्पर्श दोन्हींवर तेवढ्याच वेळाचा असेल, तर त्या वेळात जाड तारेची आंदोलनं एक चतुर्थांशच होतात. मूळ सूर दबायला स्पर्श पुरत नाही. वर ताण जवळपास सारखाच असताना दोन सप्तकं खाली जायचं, तर तार सुमारे १६ पट जड असावी लागते. एवढं वजन हलत असताना नुसतं चाटून गेलेला अंगठा तिला ऐकवत नाही.

म्हणून बारीक तारेवर जो स्पर्श चालतो, त्यापेक्षा जाड तारेवर तो थोडा ठाम आणि किंचित जास्त वेळ हवा. अर्थात किंचितच. अंगठा तारेवर राहून गेला, तर हार्मोनिकही मरतो.

तिसरं कारण: तारेची बनावट

खालच्या तीन तारा साध्या नसतात. आतल्या तारेवर दुसरी बारीक तार गुंडाळलेली असते. तार हलते तेव्हा या वेटोळ्यांमध्ये घर्षण होतं आणि त्याचा फटका सगळ्यात आधी वरच्या हार्मोनिकना बसतो. त्यात हाताचा घाम, मळ आणि गंज वेटोळ्यांत साचले, की तार आणखी बधिर होते. मूळ सूर ठीक वाजत राहतो, त्यामुळे तार जुनी झाली हे लक्षातही येत नाही. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, हे फार लवकर होतं.

जुन्या तारेवर फ्रेटच्या जागी चपटे खड्डेही पडतात. तारेचं वजन सगळीकडे सारखं राहत नाही आणि स्थिर बिंदूही हिशोबातल्या जागेवरून थोडे सरकतात.

चौथं कारण: हाताची सवय

जाड तारांवर आपण बहुतेक वेळा पाम म्यूट करून रिफ वाजवतो, म्हणजे तळहाताची कड ब्रिजवर टेकवून. ही सवय इतकी अंगात मुरलेली असते, की स्क्वील काढतानाही तळहात नकळत तारेला लागलेला राहतो. मूळ सुराला त्याने फार फरक पडत नाही, हार्मोनिकचा मात्र जीव जातो. बारीक तारांवर वाजवताना तळहाताची ती कड वेगळ्या जागी असते, म्हणून तिथे हा प्रश्न येत नाही.

'गेन वाढव' हा सल्ला कितपत खरा?

अर्धा खरा. डिस्टॉर्शनमध्ये मोठा आवाज छाटला जातो आणि लहान आवाज त्याच्या बरोबरीला येतो. त्यामुळे अशक्त हार्मोनिक वर उचलला जातो, जास्त वेळ टिकतो, आणि डिस्टॉर्शन त्यात स्वतःची धारही घालतं. म्हणूनच क्लीन टोनवर स्क्वील जेमतेम ऐकू येतो.

पण गेन निवड करत नाही. मूळ सूर नीट दबला नसेल, तर गेन त्यालाही तेवढाच उचलतो. शिवाय बाजूच्या तारांची खरखर, बोटांचा आवाज, सगळंच वाढतं. ठरावीक मर्यादेनंतर गेन वाढवून फक्त चिखल होतो. चांगला क्रंच मिळतो तिथे थांबा.

यापेक्षा दुर्लक्षित राहणारं बटण म्हणजे मिड. मेटलचा आवाज म्हणून बेस आणि ट्रेबल वाढवून मिड शून्यावर आणायची पद्धत आहे. घरात एकट्याने वाजवताना ते भारदस्त वाटतं. पण जाड तारेचा स्क्वील बहुतेक ४०० ते १५०० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो, म्हणजे बऱ्याच अंशी याच मिडच्या हद्दीत. मिड काढून टाकणं म्हणजे स्क्वीलच काढून टाकणं. मिड अर्ध्याच्या वर न्या आणि फरक ऐका. यासाठी एक रुपयाही लागत नाही.

पिकअपचंही तसंच. ब्रिजजवळच्या पिकअपला वरचे हार्मोनिक तुलनेने जास्त ऐकू येतात. मानेजवळचा पिकअप बऱ्याच गिटारवर ब्रिजपासून तारेच्या साधारण एक चतुर्थांश लांबीवर असतो. मोकळ्या तारेच्या चौथ्या आणि आठव्या हार्मोनिकचा स्थिर बिंदू बरोबर तिथेच येतो, म्हणजे तो पिकअप त्या सुरांच्या बाबतीत जवळपास बहिरा असतो. तेव्हा ब्रिज पिकअप निवडा आणि गिटारवरचा टोन नॉब पूर्ण उघडा ठेवा.

मग करायचं काय? आधी पट्टी घ्या

हो, शाळेतली पट्टी. अंदाजाने चाचपडण्यापेक्षा जागा मोजून घेतल्या तर बराच वेळ वाचतो. फेंडर पद्धतीच्या गिटारची तारेची लांबी सुमारे ६४८ मिलिमीटर असते. सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट दाबला, की ब्रिजपासून फ्रेटपर्यंत ५४५ मिलिमीटर उरतात. त्याला ४, ५, ६ ने भागत गेलात की ब्रिजपासूनच्या जागा मिळतात:

- चौथा हार्मोनिक: १३६ मिमी (दोन सप्तकं वरचा षड्ज)
- पाचवा: १०९ मिमी (गंधार)
- सहावा: ९१ मिमी (पंचम)
- सातवा: ७८ मिमी (कोमल निषादाच्या थोडा खाली)
- आठवा: ६८ मिमी (तीन सप्तकं वरचा षड्ज)

मोजायचं ते ब्रिजवर तार जिथे टेकते तिथून. लेस पॉल पद्धतीच्या गिटारची लांबी थोडी कमी, साधारण ६२८ मिमी असते, तिथे हे आकडे तीनेक टक्क्यांनी कमी होतील.

पिकअपच्या मधल्या जागेत, तारेच्या खाली, कागदी चिकटपट्टी लावून त्यावर या खुणा करा. मग पिंच करण्याआधी साधी चाचणी घ्या. उजव्या हाताच्या तर्जनीने खुणेवर तारेला हलकेच टेका आणि त्याच हाताच्या अंगठ्याने किंवा अनामिकेने तार जरा दूर छेडा. स्वच्छ, घंटेसारखा सूर आला की जागा बरोबर आहे. खूण एक-दोन मिलिमीटर सरकवायची असेल तर आत्ताच सरकवा.

आता पिंच:

१. पिकचं टोक दोन-तीन मिलिमीटरच बाहेर ठेवा. जास्त बाहेर असेल तर अंगठा तारेपर्यंत पोहोचतच नाही.

२. पिक थोडं तिरकं धरा आणि फटका खाली, किंचित तारेच्या आत जाईल असा मारा. पिक सुटताच अंगठ्याची कड खुणेवर लागली पाहिजे.

३. तळहात ब्रिजवरून पूर्ण उचला. सुरुवातीला अवघडल्यासारखं वाटेल, कारण हाताचा आधार जातो. जमायला लागलं की तळहात तारांना न लावता पुन्हा टेकवता येईल.

४. बाकीच्या तारा डाव्या हाताच्या मोकळ्या बोटांनी दाबून ठेवा.

५. सूर निघाला की लगेच डाव्या हाताने रुंद व्हायब्रॅटो द्या. सहावी तार मानेच्या कडेला असल्यामुळे ती वर ढकलली तर निसटते. तिला खाली, जमिनीच्या दिशेने ओढा. स्थिर सुरापेक्षा हलता सूर कानाला लवकर पकडता येतो. झॅक वाइल्डचे स्क्वील इतके मोठे वाटतात त्यात या व्हायब्रॅटोचा वाटा फार मोठा आहे.

सुरुवात थेट सहाव्या तारेवर करू नका. तिसऱ्या तारेवर त्याच फ्रेटला सूर काढा, मग चौथी, पाचवी, सहावी असे उतरत जा. जागा जवळपास तीच राहते, बदलतो तो फक्त स्पर्श. बोटांना नेमकं तेच शिकायचं असतं.

फ्रेट बदलला की जागाही बदलते

इथे बरेच जण फसतात. तिसऱ्या फ्रेटवर जमलेली जागा पाचव्या फ्रेटवर चालत नाही. पाचव्या फ्रेटवर तारेची लांबी मूळच्या साधारण तीन चतुर्थांश, म्हणजे ४८६ मिमी होते. सहाव्या हार्मोनिकची जागा ९१ वरून ८१ मिमीवर सरकते. तुम्ही ९१ वरच मारत राहिलात, तर पाचव्याच्या (९७ मिमी) आणि सहाव्याच्या मधल्या ओसाड जागेत पडता. डावा हात जितका वर सरकेल, उजवा हात तितका ब्रिजकडे सरकायला हवा. सोपी उजळणी अशी: सातव्या फ्रेटला लांबी दोन तृतीयांश, बाराव्याला निम्मी.

तार खाली ट्यून केली असेल, म्हणजे ड्रॉप डी किंवा ड्रॉप सी, तर जागा बदलत नाहीत, पण तार सैल पडते. सैल तार अंगठ्याखाली लोळते आणि नेमका स्पर्श अवघड होतो. खालच्या ट्यूनिंगसाठी थोडी जाड तार लावून ताण पुन्हा जागेवर आणणं हा त्यावरचा उपाय.

काय ऐकू येतंय त्यावरून चूक ओळखा

- नुसतं 'थप्प': अंगठा दोन स्थिर बिंदूंच्या मधे पडतोय किंवा तारेवर जास्त वेळ राहतोय. आधी जागा तपासा.
- मूळ सूर मोठा आणि वर पुसट शिट्टी: जागा बरोबर आहे, स्पर्श कमी पडतोय. पिक आणखी आत घ्या, अंगठा जरा ठाम लावा.
- सूर निघतो पण क्षणात विझतो: तळहात लागतोय, तारा जुन्या झाल्यात किंवा मानेकडचा पिकअप चालू आहे.
- दर वेळी वेगळाच सूर: तंत्र जमलंय, नेम बसलेला नाही. ही चांगली बातमी आहे, उरलं आहे ते खुणेवरचं काम.
- सूर स्पष्ट आहे पण किंकाळी वाटत नाही: तुम्ही चौथ्या-पाचव्या हार्मोनिकवर आहात. ब्रिजकडे सरका, सातवा-आठवा शोधा. या दोघांच्या मधे, सुमारे ७३ मिमीवर, पंधराव्या हार्मोनिकचाही एक स्थिर बिंदू आहे. नेम बसला तर तिथे बारीक तारेइतकी उंच किंकाळी मिळते.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही

स्क्वील निघाला, पण रिफमध्ये बेसूर वाटला, असंही होतं. तेव्हा दोष तंत्राचा नसून हार्मोनिकच्या निवडीचा असतो. पाचवा हार्मोनिक हा शुद्ध गंधार. मेटलच्या कित्येक रिफ मायनर स्केलमध्ये असतात, म्हणजे त्यांत कोमल गंधार असतो. ई मायनरच्या रिफमध्ये सहाव्या मोकळ्या तारेवर पाचवा हार्मोनिक काढलात, तर जी शार्प वाजतो आणि रिफमधल्या जीशी त्याचं भांडण होतं. अशा ठिकाणी चौथा, सहावा किंवा आठवा, म्हणजे षड्ज किंवा पंचम, सुरक्षित. सातवा हार्मोनिक गिटारच्या नेहमीच्या कोमल निषादापेक्षा थोडा उतरलेला असतो. ब्लूजच्या अंगाने तो छान लागतो, बाकी ठिकाणी खटकू शकतो.

तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीरही असाच कान लावून बसतो: कुठला सूर मोकळा होतोय, कुठला दबतोय, आणि घोडीवरचा दोरा केसभर सरकवला की काय बदलतं. गिटारवर हेच काम अंगठ्याची कड करते.

नवीन पेडलची ऑर्डर द्यायच्या आधी घरात आहे त्यावर प्रयोग करून बघा. तारा जुन्या असतील तर नवा सेट लावा आणि वाजवून झाल्यावर दर वेळी कोरड्या फडक्याने पुसा. मिड वाढवा, ब्रिज पिकअप निवडा, चिकटपट्टीवर खुणा करा आणि रोज दहा मिनिटं एकाच फ्रेटवर, एकाच खुणेवर सराव करा. सहा-सात जागांवर भटकण्यापेक्षा ९१ मिलिमीटरवरचा एक पंचम दहापैकी आठ वेळा स्वच्छ निघायला लागला, की पुढच्या खुणा गाठणं सोपं जातं.